डोंगरावरचा खुंट

माझ्या कपाटात पैठणीच्या खाली हिरव्या पुठ्ठ्याचं एक फील्डबुक आहे. सरकारी मालमत्ता. मी ते चोरलेलं नाही. मला टाकून द्यायला सांगितलं होतं आणि मी टाकलं नाही, एवढंच. पानं पिवळी पडली आहेत, एका पानावर सुक्या बोंबलाच्या तेलाचा डाग आहे, आणि त्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेले तीन आकडे आहेत. त्या तीन आकड्यांच्या जोरावर मी एका माणसाला पाच वर्षं टांगून ठेवलं होतं. त्याला ते ठाऊकही नव्हतं.

आधीच सांगते, मी मनात धरणारी बाई आहे. विसरून जावं, माफ करावं, असं लोक सांगतात. बहुतेक वेळा सांगणाऱ्याचं काही गेलेलं नसतं. माझं सासर डोंबिवलीचं, कोपर बाजूचं. तिथल्या शेजारणीनं एकदा मुद्दाम माझ्या वाळवणावर घाण पाणी ओतलं, तर तिच्या मुलीच्या लग्नात मी अहेर दिला, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. नवरा शहाडच्या एका कारखान्यात फोरमन होता, गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "सुंभ जळेल, पण तुझा पीळ काही जायचा नाही." मी म्हटलं, कशाला जाईल?

हा पीळ माहेरचा, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. माझे वडील खाडीत डोल लावायचे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते तळाशी रोवलेल्या लाकडी खुंटांना बांधायचं, मग वाहतं पाणीच मासळी आणून आत घालतं. खुंट पाण्याखाली असतात, वरून काही दिसत नाही. मग भर खाडीत आपला खुंट सापडायचा कसा? वडील होडीत उभे राहून किनाऱ्याकडे बघायचे. एका अंगाला कारखान्याचं धुराडं देवळाच्या कळसामागे जायला हवं. दुसऱ्या अंगाला वर्तकनगरच्या मागच्या डोंगराची सोंड एका उंच ताडाच्या रेषेत यायला हवी. दोन्ही एकदम जुळलं की खाली खुंट. त्यांचं कधी हातभरसुद्धा चुकलं नाही.

खुंटाची जागा घराण्याची असते. बापाची मुलाला जाते. "मासली चोरलीस तर मार खाशील," वडील म्हणायचे, "पन कोनाचा खुंट हलवलास तर त्याचे नातू पन तुझ्याशी बोलायचे नाय." हे काही नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या आळीत दोन घरं होती. एकाच्या आजोबानं दुसऱ्याच्या आजोबाचा खुंट वावभर, म्हणजे चार हात, सरकवला होता, म्हणून ती दोन घरं कुठल्याही कार्यात एका पंक्तीला बसत नसत. वाढपी आधी बघून घ्यायचे, कोण कुठे बसलंय. मला त्यात कधीच काही वावगं वाटलं नाही.

मी बी.एस्सी. झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्यातल्या एका सरकारी मोजणी कचेरीत तांत्रिक सहायक म्हणून लागले. डोंगर चढायचे, दुर्बीण लावायची, कोन मोजायचे, पुस्तकात लिहायचे. खात्याचा एक नियम मला फार आवडायचा. फील्डबुक पेन्सिलीनं लिहायचं, पण रबर वापरायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक झाली हेही पुस्तकात राहिलं पाहिजे.

आमचे साहेब देशावरचे, पुण्यात शिकलेले. बोलणं शुद्ध, शर्ट परीटघडीचा, आणि डोंगर चढायचा म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा. तो गुडघा सभागृहाच्या पायऱ्या चढताना कधी दुखला नाही. मला ते 'बाई' म्हणायचे, आणि माझ्या मागे 'कोळीण'. हे मला हेडक्लार्कनं सांगितलं होतं. मी तेही मनात धरलं होतं, पण तोवर त्याचं काही करायचं ठरवलं नव्हतं.

ब्याण्णवच्या आसपास परदेशी प्रकल्प आला. जमिनीची मोठी मोठी भूपट्टं सरकत असतात, आणि आपला देश ज्यावर बसला आहे ते भूपट्ट वर्षाला दोन-तीन बोटं ईशान्येकडे जातं, हे तोवर खडकांवरून अदमासानं काढलेलं होतं. आता ते उपग्रहांवरून प्रत्यक्ष मोजायचं होतं. युरोपातलं एक विद्यापीठ, आपल्याकडची दोन-तीन खाती, आणखी काही देश, सगळे मिळून. कातळात पक्क्या खुणा बसवायच्या, त्यांवर अँटेना लावून उपग्रहांचे संदेश तीन-तीन दिवस टिपायचे, दोन वर्षांनी पुन्हा त्याच खुणांवर तेच करायचं. मधल्या काळात खूण कुठे गेली ते कळतं. जगभरच्या अशा खुणांची एक यादी असते. त्या यादीत ठाण्याची एक खूण जाणार होती.

मला ऐकताक्षणी कळलं. खाडीतला खुंट किनाऱ्यावरच्या दोन निशाण्यांवरून सापडतो, इथे निशाण्या आकाशात होत्या. बाकी काम माझ्या बापाचंच होतं.

जागा मी शोधली. महिनाभर उन्हातान्हात फिरले. झाडं नकोत, विजेच्या तारा नकोत, माती नको, सुटा दगड नको. डोंगराचा स्वतःचा कातळ हवा. वर्तकनगरच्या मागे, वडील जिच्यावरून खुंट शोधायचे त्याच सोंडेवर, मला तो मिळाला. काळा, सपाट, ओसरीएवढा. तिथून खाडी दिसायची. मी हातोडी-छिन्नीनं भोक पाडायला सुरुवात केली तेव्हा साहेब खाली जीपमध्ये पेपर वाचत होते.

विद्यापीठाकडून एक बाई आली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, उन्हानं लालेलाल झालेली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच उसनं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. आम्ही दोघींनी मिळून बोटभर लांबीची स्टीलची खिळी कातळात बसवली. खिळीच्या माथ्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. तो ठिपका म्हणजेच खूण. बाई म्हणाली, "या खुणेला चार अक्षरांचं नाव लागतं. तू शोधलीस, तू दे." मी वडिलांच्या होडीच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं दिली. तिनं ती तिच्या कागदावर लिहिली. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. नवऱ्याला हे माहीत आहे.

मग तीन दिवस मोजणी. दिवसा आम्ही दोघी, रात्री दोन चौकीदार. तिपाईवर थाळीएवढी अँटेना, खाली यंत्राची पेटी, पेटीला मोटारीची बॅटरी. आमचं मुख्य काम एकच, अँटेना खिळीच्या किती वर आहे ते मोजणं. कारण उपग्रहांवरून जागा कळते ती अँटेनाची. त्यातून ही उंची वजा केली की खूण हाती लागते. हे माप ठिपक्यापासून थाळीच्या कडेपर्यंत काठी लावून घेतात. थाळी रुंद असल्यामुळे काठी सरळ उभी राहत नाही, तिरपी लागते. म्हणून माप खऱ्या उंचीपेक्षा साधारण बोटभर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढं, जास्त येतं. ते नंतर गणितानं उतरवायचं असतं. "म्हणून आकड्याशेजारी 'स्लँट' लिहायला विसरू नकोस," बाई म्हणाली. मी तीन बाजूंनी तीनदा मोजलं, तीन आकडे लिहिले. एक चुकला तेव्हा त्यावर एक रेघ मारली, सही केली. प्रत्येक आकड्याशेजारी स्लँट, स्लँट, स्लँट.

जेवायला मी भाकरी आणि बोंबलाची चटणी न्यायचे. बाई पहिल्या दिवशी वासानं मागे सरकली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली अर्धी चटणी तिनं संपवली. फील्डबुकवरचा डाग तिच्याच बोटांचा आहे. जाताना तिनं मला आपलं कार्ड दिलं, म्हणाली, "काहीही अडलं तर मला थेट लिही." मी ते कार्ड फील्डबुकच्या मागच्या खिशात ठेवलं.

शेवटच्या दिवशी साहेब वर आले. दोन माणसांचा आधार घेत आले. अँटेनाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि खाली गेले.

खरं घडलं ते पुढच्या सोमवारी. साहेबांनी फील्डबुक मागवलं, दोन बोटांत धरून उघडलं आणि नाक मुरडलं. "अहो बाई, हे काय आहे? ही खाडाखोड, हे डाग! हे आपण परदेशात पाठवायचं? देशाची काय शोभा होईल?" मी म्हटलं, "साहेब, तिकडे मूळ पानाचीच झेरॉक्स मागितलीये." ते म्हणाले, "झेरॉक्समधूनसुद्धा सुकटीचा वास जाईल याचा." समोर दोन ज्युनिअर उभे होते. दोघंही हसले.

मग आमच्याकडे जे होतं तेच झालं. फेअर कॉपी. बाहेरच्या माणसाला काही दाखवायचं म्हटलं की आमच्या कचेरीत ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. पाहुण्यांपुढे ठेवायचा तो चांगला कप, तसंच. हेडक्लार्कचं अक्षर मोत्यासारखं. त्यानं कचेरीच्या छापील फॉर्मवर निळ्या शाईनं सगळं उतरवलं. एकही खोड नाही. पण त्या फॉर्मला उंचीसाठी एकच रकाना होता, 'उंची'. तिरपी की सरळ, हे लिहायला जागाच नव्हती. त्यानं तीन आकड्यांची सरासरी तिथं लिहिली. स्लँट हा शब्द कॉपीत आलाच नाही. म्हणजे जो कोणी ही कॉपी वाचेल तो अँटेना बोटभर जास्त उंच धरेल, आणि आमची खूण बोटभर खाली गेलेली दिसेल.

कॉपी हेडक्लार्कच्या टेबलावर वाळत होती तेव्हा मी हे पाहिलं. साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, त्या उंचीच्या रकान्यात एक—"

"बाई, तुमच्याकडे ती कॉपी तपासायला दिली होती का?"

"नाही, पण त्यात स्लँट—"

"तुमचं डोंगरावरचं काम झालं. आता कागदाचं काम आम्ही बघतो. आणि ते बुक टाकून द्या. कपाटाला वास लागेल."

बाहेर आले आणि कॉपी पुन्हा नीट वाचली. मघाशी माझं लक्ष फक्त आकड्याकडे गेलं होतं. 'निरीक्षक' या शब्दापुढे साहेबांचं नाव. 'खूण बसवणार' यापुढे साहेबांचं नाव. माझं कुठेच नाही. आणि वर खुणेचं नाव. माझ्या बापाच्या होडीची चार अक्षरं जाऊन तिथे साहेबांच्या गावाची चार अक्षरं आली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो, इस्त्री केलेला.

मला रडू आलं नाही. मला कोळीवाड्यातली ती दोन घरं आठवली. मी जागेवर गेले, फील्डबुक पिशवीत घातलं आणि ठरवलं, आता बोलायचं नाही. मला विचारलं नाही ना, मग मी सांगणार नाही. चुकलेला आकडा जाऊ दे समुद्रापार. तो एक दिवस ज्याच्या नावानं गेलाय त्याच्याच अंगावर परत येईल, आणि तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन.

काही महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. निरीक्षकानं तिकडे येऊन सहा आठवडे गणिताचं प्रशिक्षण घ्यावं. निरीक्षक म्हणजे साहेब. ते गेले, चॉकलेटं घेऊन आले, मलाही एक दिलं. ते मी कचेरीच्या मांजरीला घातलं. तिनंही खाल्लं नाही.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्या बाईला एक पत्र टाक ना. कार्ड आहे ना तुझ्याकडे? मोकळी हो."

"मला मोकळं व्हायचं नाहीये," मी म्हटलं. "डोल लावली की लगेच उचलत नाहीत. पाणी वाहू द्यायचं असतं."

दोन वर्षांनी दुसरी मोजणी आली. मध्ये किल्लारीचा भूकंप होऊन गेला होता, आपल्या पायाखालचा कातळही हलतो हे सगळ्यांना एकाएकी कळलं होतं, आणि साहेबांचा भाव वधारला होता. यावेळी ती बाई आली नाही, एक तरुण इंजिनिअर आला. त्याच्याबरोबर नवा छापील फॉर्म होता. त्यात तिरप्या मापाचा वेगळा रकाना होता. आणि मी त्या दिवशी जितकं काटेकोर मोजलं तितकं आयुष्यात कधी मोजलं नसेल. ठिपक्यावर काठी टेकवताना श्वास धरून ठेवत होते. पहिला आकडा खोटा, दुसरा शंभर टक्के खरा, तरच मधलं अंतर साहेबांना गिळेल. माझ्या अचूकपणाचं तो इंजिनिअर कौतुक करत होता. मी मान खाली घालून हसत होते.

आणि झालं तसंच. पहिल्या वेळी खूण बोटभर खाली, दुसऱ्या वेळी जागेवर. म्हणजे दोन वर्षांत डोंगर बोटभर वर आला! उभ्या मापात चुका जास्त होतात, जपून बोलावं, असं तिकडून पत्र आलं होतं. पण साहेबांना धीर कुठला. पेपरात आलं, ठाण्याचा डोंगर वर येतोय. वर्तकनगरातल्या एका इमारतीच्या लोकांनी भिंतींच्या भेगा दाखवत अर्ज दिला. त्या भेगा सिमेंटमधल्या वाळूच्या होत्या हे सगळं ठाणं जाणत होतं. साहेबांची कल्याणला व्याख्यानं झाली, डोंबिवलीत झाली. डोंबिवलीच्या व्याख्यानाला मी गेले. पहिल्या रांगेत बसले. त्यांनी कातळात खिळी बसवताना हाताला फोड कसे आले ते सांगितलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवल्या. मनापासून वाजवल्या. जाळं भरत होतं. माणूस जितका वर चढेल तितकं चांगलं, असं मला वाटत होतं. ते सुख किती होतं ते सांगता येणार नाही. पोळीला तूप लावताना, देवापुढे हात जोडताना, मला मधेच ते तीन आकडे आठवायचे आणि जिवाला गार वाटायचं.

असं पाच वर्षं.

मग प्रकल्पातल्या सगळ्या देशांची बैठक आमच्याच कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये ठरली. साहेब निवृत्तीला आलेले, हा त्यांचा मोठा दिवस. मला दारात बिल्ले वाटायला बसवलं होतं. पर्समध्ये फील्डबुक होतं. पहिल्या अर्ध्या तासातच ती परदेशी बाई आली. केस पिकलेले. मला बघून जागच्या जागी थांबली, मग दोन्ही हात धरले. "तू? मला कळवलं होतं की खात्यानं खुणेचं नाव बदललं आणि तू नोकरी सोडलीस." मला आणखी एक गोष्ट मनात धरायला मिळाली. मी नुसतं म्हटलं, "आज ऐक तू."

साहेबांनी पडद्यावर नकाशा लावला. सगळ्या खुणांवर ईशान्येकडे जाणारे बाण, एकसारखे, शिस्तीत. फक्त ठाण्याच्या खुणेवर आणखी एक जाडा बाण सरळ वर. त्यांनी छडी त्या बाणावर ठेवली. तेव्हा मी उभी राहिले. वाक्यं पाच वर्षं पाठ होती. "सर, पहिल्या मोजणीतली उंची तिरपी होती. कॉपीत ती सरळ म्हणून गेली. डोंगर कुठेही गेलेला नाही. हे मूळ फील्डबुक."

बाईनं पुस्तक घेतलं, पान उघडलं, तेलाच्या डागावर तिचं बोट क्षणभर थांबलं. साहेब म्हणाले, "हे कुठलं पुस्तक आहे? मी कधी पाहिलेलं नाही."

तेव्हा मागून हेडक्लार्क उठला. भोळा माणूस. त्याला वाटलं त्याच्या कामावर शंका घेतली जातेय. "साहेब, यावरूनच तर तुम्ही मला उतरवायला दिलं होतं. अक्षर माझं, आकडे बाईंचे."

साहेबांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. आधी लाल झाला, मग राखेसारखा. छडी हातातच राहिली. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि मला ते कमी वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, अमृतासारखं लागलं. वचपा निघाला. सुकटीचा वास शेवटी समुद्रापार पोचला.

चहाच्या वेळी बाई मला खिडकीशी घेऊन गेली. मला वाटलं, आता ती पाठ थोपटेल. आता होडीची चार अक्षरं परत येतील, माझं नाव येईल.

"कॉपीत स्लँट दिसलं नाही म्हणून मी मूळ पुस्तक दोनदा मागितलं होतं," ती म्हणाली. "ते हरवलं, कॉपीतली उंची सरळच आहे, असं उत्तर आलं. ते तुझ्याकडे होतं?"

"हो."

"पाच वर्षं?"

"हो. त्यांनी माझं नाव काढलं, खुणेचं नाव बदललं—"

"माझं कार्ड?"

मी फील्डबुकच्या मागच्या खिशाकडे पाहिलं. कार्ड तिथेच होतं. तिनं ते काढून पाहिलं आणि परत ठेवलं. मग फार हळू विचारलं, "दुसरी मोजणी कोणी केली?"

"मीच. अगदी काटेकोर केली. कधी नव्हे इतकी."

"पहिला आकडा चुकीचा आहे हे माहीत असताना."

मी फील्डबुक मिटलं.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," ती म्हणाली. "पण माझ्या विश्वासावर यादी होत नाही. मोजणाऱ्याला अमुकच उत्तर हवं होतं असं ज्या खुणेबद्दल कळतं, ती खूण यादीत घेता येत नाही. पहिली मोजणी आज दुरुस्त होईल. दुसरीचं मी काय करू? लोक विचारतील, बोटभराची चूक ज्या बाईनं पाच वर्षं दडवून ठेवली तिनं आणखी काय केलं असेल?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग आला. तिला रडायचं काय कारण होतं?

दुपारनंतर ठराव झाला. ठाण्याची खूण यादीतून काढली. नुसतं उभं मापच नव्हे, आडवंही. ईशान्येकडचा तो बाणही गेला, ज्यात काडीचीही चूक नव्हती. साहेब दोन महिने आधीच निवृत्त झाले, नारळ आणि शाल घेऊन घरी गेले. मला मेमो आला, सरकारी दस्तऐवज घरी ठेवल्याबद्दल. हात दाखवून अवलक्षण. फील्डबुक बाईनं जाताना माझ्या हातात दिलं. म्हणाली, आता ते कोणाच्याच कामाचं नाही.

त्या रविवारी मी माहेरी गेले. वडील थकले होते, खाडीत जाणं बंद झालं होतं. ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी सांधून देत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. होडीची चार अक्षरं त्यांना पहिल्यांदाच कळली. ते थोडं हसले. साहेबांचा चेहरा कसा झाला ते मी रंगवून सांगितलं. माझी खात्री होती, हे एकच घर असं आहे जिथं मला शाबासकी मिळेल. याच माणसानं मला शिकवलं होतं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "मंग खुंट कुठं हाय आता?"

"नाहीये. यादीतून काढला."

"समदाच?"

"हो."

ते खाडीच्या दिशेनं बघत राहिले. तिथून डोंगराची सोंड आता दिसत नव्हती, मध्ये इमारती आल्या होत्या. मग म्हणाले, "त्यानं हलवला. हलवलेला खुंट मागं आनता येतो गो. उपटलास तू."

मी म्हटलं, "बाबा, त्यानं आपल्या होडीचं नाव—"

त्यांनी सुई उचलली आणि जाळं सांधायला लागले. आईनं आतून जेवायला हाक मारली. तिनं दोन ताटं शेजारी शेजारी वाढली होती, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, माझ्या आवडीचं. मी हात धुऊन बसले. वडील दारातून एकदा माझ्या ताटाकडे बघून ओट्यावर परत गेले. "तिला वाढ," ते आईला म्हणाले. "मी मागनं जेवतंय."